ओल्या शाईवरची वाळू

“त्या टॅमसिनबाईची पत्रं घरात मोठ्याने वाचू देऊ नकोस गं, लिडिया,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “तिचा नवरा देशाच्या कामासाठी परदेशी, आणि तान्हं मूल गेलं तेव्हा ती एकटी. तू तुझ्या नवऱ्यावर लक्ष ठेव, पाळण्यावर त्याहून जास्त.” मी हसण्यावारी नेलं.

माझा नवरा एल्डन दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन सिनेटरच्या बायकोची, या टॅमसिनची, पत्रं संगणकावर उतरवून काढतो. मूळ कागद बॉस्टनच्या संग्रहालयात आहेत, आमच्याकडे फक्त फोटो. पण तिचा मायना वाचताना त्याचा आवाज जसा हळवा होतो, तसा माझ्याशी बोलताना होत नाही.

मग त्याच्या कॉलरवर बारीक काळी वाळू दिसली.

“कुठे गेला होतास?”

“जातोय कुठे! पत्रांतच बुडालोय,” तो हसला. त्या काळी ओली शाई सुकवायला पत्रावर वाळू भुरभुरवत, हेही त्यानेच सांगितलं.

आज ती वाळू आमच्या तान्ह्या डेलियाच्या ओल्या गालावर होती, ओठांच्या आकारात. मी पुसली, तर पोरीने माझ्यापासून तोंड फिरवून भोकाड पसरलं.

आता एल्डन बाहेर गेलाय, घरात आम्ही दोघीच; मी ओट्याशी उभी आहे, आणि आतल्या खोलीत डेलिया खिदळतेय. माझ्याजवळ ती अशी कधीच हसली नाही.

माझं पाऊल उचलत नाही. तुम्ही तरी आत डोकावून बघता का, ती पाळण्यातच आहे ना?