बिहीचा जामीन

कुऱ्हाड डोक्यावर उगारून तोलिबजान-ओतांना बराच वेळ झाला होता, आणि अजून त्यांना कुणीही अडवलं नव्हतं.

रीत साधी होती. वसंतातल्या नवरोजच्या सणाआधी, फळ न देणाऱ्या झाडासमोर धन्यानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि "कापतोच आता हे" असं मोठ्यानं म्हणायचं. मग घरातल्याच कुणीतरी धावत येऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "यंदा सोडा, मी जामीन राहते." झाड घाबरतं आणि त्या वर्षी फळतं. नियम दोनच. जामिनाला आधी पढवून ठेवायचं नाही, कारण झाडाला नाटक कळतं. आणि उगारलेली कुऱ्हाड जामिनाशिवाय खाली ठेवायची नाही, कारण मग धन्याच्या बोलण्यात दम नाही हे जर्दाळू-अक्रोडासकट सगळ्या बागेला कळतं.

समोरचं बिहीचं झाड ओयसानं लावलेलं. ओयसा म्हणजे ओतांची बायको; तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती होती तोवर झाड दर शरदात वाकायचं. मुठीएवढी पिवळीधम्मक फळं. कच्ची खाल्ली तर तोंड आवळून यायचं, पण पुलावात शिजली की पाहुणे मटण बाजूला सारून तीच शोधायचे. ओयसा झाडाला कुणाला हात लावू देत नसे. ओतांची कात्री तर ती लपवूनच ठेवी. ती गेल्यावर ओतांनी झाडाला शिस्त लावली. सामुदायिक शेतीवर पंचवीस वर्षं ते कापसाच्या टोळीचे मुकादम होते. वेडंवाकडं वाढणारं काही त्यांना बघवत नसे. दर वसंतात प्रत्येक फांदीचा शेंडा ते एका मापात छाटत. झाड नव्यानं भरती झालेल्या शिपायाच्या डोक्यासारखं दिसू लागलं. फळ मात्र एकही धरेना. झाड माजलंय, असं ओतांनी ठरवलं.

कापायचं तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बायकोचं म्हणून आता तेवढंच एक उरलं होतं.

घरात जामीन राहील असं माणूस एकच: सून, मुकद्दस. गावासारखी तीही त्यांना ओता, म्हणजे बाबा, म्हणे. ती पाच पावलांवर चहाची किटली घेऊन उभी होती. मुलगा झोकिर रशियात इमारतींच्या कामावर होता.

सुनेबद्दल ओता चायखान्यात छाती काढून सांगत. चार वर्षांत पोरीच्या तोंडून 'नाही' ऐकलेलं नाही. सुईणीच्या शिक्षणासाठी तिचं नाव लागल्याची चिठ्ठी आली. ओता म्हणाले, "घरात काय कमी आहे तुला?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." झोकिरनं तिला तिकडे बोलावलं. ओता म्हणाले, "मग माझा चहा कोण करणार?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." माहेरी तिची आई आजारी पडली तेव्हा इथं जर्दाळू वाळत घातले होते. चार दिवस थांब, म्हणाले. ती थांबली. आईला थांबता आलं नाही. लोक म्हणत, अशी सून नशिबानं मिळते. ओता म्हणत, नशिबानं नाही हो, घडवावी लागते.

"कापतोच आता हे," ओता म्हणाले. तिसऱ्यांदा.

"बरं, ओता."

"मुळापासून कापतो."

"अगदी मुळाशी नको. मातीत धार जाईल. जरा वर घाला घाव."

ओतांचे दंड थरथरू लागले. त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि कुऱ्हाड जुन्या काळची, वजनदार होती.

"सूनबाई, तुझ्या सासूनं लावलेलं झाड आहे हे."

"माहीत आहे, ओता."

"तुला काही म्हणायचंय का?"

हे तर पढवणंच झालं. ओतांना स्वतःचीच लाज वाटली, पण कान त्यांनी टवकारलेच.

मुकद्दसनं नजर खाली घातली, चांगल्या सुनेनं घालावी तशी. "मी काय म्हणणार? तुम्ही म्हणाल तसं."

भिंतीपलीकडे शेजारी कोंबड्यांना दाणे टाकत होता. तो टाकायचा थांबला. चाळीस माणसांना हुकूम सोडण्यात उभी हयात घालवलेल्या ओतांना एका माणसाला 'मला अडव' एवढा हुकूम काही सोडता येईना.

कुऱ्हाड खाली आली. बिहीचं लाकूड चिवट. प्रत्येक घावानंतर ओता थांबत आणि मान वळवून बघत. मुकद्दस ढलप्या वेचून ओच्यात भरत होती. ओल्या असल्या तरी चार दिवसांत तंदूरला चालल्या असत्या. विसाव्या की एकविसाव्या घावाला झाड कलंडलं. पडलं तेही नीटनेटकं, सगळे शेंडे एका मापात.

ओता पाण्याच्या पाटाच्या कडेला बसले. किती तरी वेळ त्यांना धाप लागली होती. मुकद्दसनं पेल्यात चहा ओतला आणि डावा हात छातीवर ठेवून उजव्या हातानं पुढे केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमच्या गावी बिहीला जामीन राहत नाहीत का?"

"राहतात ना, ओता. लहानपणापासून मीच राहायचे. वडलांचा हात धरायचे आणि सांगायचे, बिही शेंड्यालाच फळ धरते, शेंडे तेवढे छाटू नका." तिनं पेला त्यांच्या हातात नीट बसवला. "सात झाडं आहेत आमची. सातही उभी आहेत."