रिकाम्या खुर्चीचे पत्ते

वेंडेलच्या रिकाम्या खुर्चीसमोर पत्ते वाटणाऱ्या मारिसेलने दोन पत्ते टाकले, त्याच्या ढिगातली एक चकती मधे सरकवली आणि पत्ते परत उचलून घेतले. दुपारी बारापासून तेच चाललं होतं.

आमच्या रीनो शहरातल्या या पोकर स्पर्धेत साठीच्या पुढचीच माणसं खेळतात, पण नियमात दयामाया नाही. माणूस येवो न येवो, त्याची खुर्ची खेळत राहते. दर डावाला एक चकती भरावी लागते. चकत्या संपल्या की खुर्ची बाद.

शेजारी लेलंड बसला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. अकरा वर्षं खेळत होता आणि बक्षिसापर्यंत एकदाही पोचला नव्हता. मागच्या वर्षी हातात तीन एक्के असताना बुडाला. या वसंतात अगदी तोंडाशी येऊन बाद झाला. पोकरवाल्यांत हरल्याची कहाणी कोणी ऐकून घेत नाही, ज्याच्या त्याच्याकडे स्वतःची असते. वेंडेल ऐकायचा. बाहेर गाड्या लावतात तिथे, आपल्या जुन्या ट्रकला टेकून, एका कॉफीच्या बोलीवर. मधे फक्त विचारायचा, "मग?" घरी जाऊन सांगावं असं लेलंडला कोणी नव्हतं.

आज अठ्ठावीस जण उरले होते आणि बक्षीस सत्तावीस जणांना होतं. एक गळला की लेलंडचं जमलं. सगळ्यांत कमी चकत्या वेंडेलच्या होत्या, त्यानंतर लेलंडच्या.

"येईल तो," लेलंड तिसऱ्यांदा म्हणाला. "ट्रक बंद पडला असेल."

"मग फोन कर की," समोरून वर्ना म्हणाली. ती निवृत्त नर्स. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"नंबर नाही माझ्याकडे."

"नऊ वर्षं त्याच्या कहाण्यांवर कॉफ्या पाजतोयस आणि नंबर नाही?"

"माझ्या कहाण्या. तो ऐकतो. नंबराची कधी गरजच पडली नाही, इथे भेटायचाच की."

"बरं, आडनाव तरी?"

लेलंड आपल्या चकत्या सारख्या करत बसला. मघाशी त्याने हॉलच्या व्यवस्थापकालाही सांगून पाहिलं होतं. "झोपले असतील हो," तो म्हणाला होता, "या वयात होतोच उशीर."

काल संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा प्रत्येकाने आपल्या चकत्या पिशवीत बंद करून वर चिठ्ठी भरली होती. नाव, पत्ता, काही झालं तर कोणाला कळवायचं. शेवटच्या ओळीवर लेलंडने रेघ मारून टाकली होती. वेंडेल मात्र बराच वेळ पेन चावत बसला होता.

नवे पत्ते आले. लेलंडने कोपरे उचलून पाहिले. दोन राजे. दिवसभरात इतके चांगले पत्ते आले नव्हते. वर्नाने आपला सगळा ढीग मधे ढकलला आणि हनुवटी उडवली, "ये, हिंमत असेल तर."

एरवी त्याने क्षणाचाही विचार केला नसता, पण आता हरला तर तोच अठ्ठाविसावा ठरून बाद होणार होता. त्याने शेजारी पाहिलं. वेंडेलच्या दोनच चकत्या उरल्या होत्या.

त्याने राजे पालथेच टाकून दिले.

"काय होतं रे?" वर्नाने विचारलं.

"काही नाही."

मित्राच्या चकत्या संपायची तो वाट बघत होता. ते त्याला पुरतं कळत होतं, आणि मान वर करायची लाज वाटत होती.

एक चकती गेली. मग शेवटची. मारिसेलने हात वर केला, व्यवस्थापकाने येऊन रिकामी जागा पाहिली आणि ओरडून सांगितलं, "अठ्ठाविसावा गेला! आता सगळ्यांना बक्षीस!"

हॉलभर टाळ्या पडल्या. वर्नाने टेबलावर थाप मारली. "अकरा वर्षांनी का होईना, लागली रे तुझी बस थांब्याला!"

लेलंडनेही टाळ्या वाजवल्या. सवयीने तो सांगायला शेजारी वळला. इतकं एकटं त्याला हरतानाही कधी वाटलं नव्हतं.

यादीत नाव भरायला व्यवस्थापकाने वेंडेलची रिकामी पिशवी उचलली. चिठ्ठी वाचता वाचता तो थांबला.

"इथे लेलंड बसवाला कोण?"

लेलंडने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. व्यवस्थापकाने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. काही झालं तर कोणाला कळवायचं, या ओळीवर वेंडेलने लिहिलं होतं: 'लेलंड, बसवाला. आडनाव माहीत नाही. याच हॉलमध्ये सापडेल.'

लेलंडने ते दोनदा वाचलं. मग वरचा पत्ता वाचला. ती गल्ली त्याच्या माहितीची होती. तिच्या कोपऱ्यावर त्याने एकोणीस वर्षं बस थांबवली होती. तो उठला.

"साहेब, तुमच्या चकत्या!" मारिसेल म्हणाली. "जितकं टिकाल तितकं बक्षीस वाढतं."

"खेळू दे खुर्चीला," तो म्हणाला आणि कोट तसाच हातात घेऊन निघाला. दारापर्यंत पोचला तेव्हा तो जवळजवळ धावत होता.

मारिसेलने पुढचा डाव मांडला. लेलंडच्या खुर्चीसमोर दोन पत्ते पडले, त्याच्या ढिगातली एक चकती मधे गेली. वर्ना शेजारीशेजारी असलेल्या त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

"मारिसेल," ती म्हणाली, "पत्ते जरा सावकाश वाट गं."