आतली सिरिंज

पाहुणे प्रयोगशाळेत शिरले आणि राघवेंद्र सरांना दिसलं, यंत्रातली औषधाची सिरिंज भरलेलीच आहे. दोन नळ्या एकात एक. आतून औषध, बाहेरून पॉलिमर, विजेच्या ओढीनं केसाहून बारीक धागा निघतो, त्याचीच जखमेवरची पट्टी. आतला पंप सुरू करायचाच राहिला. त्या वेळी सर स्वतःच्या सत्काराच्या फ्लेक्ससाठी फोटो निवडत होते. तयार पट्टी म्हणजे दाणा नसलेल्या शेंगाच. सांगायला तोंड उघडलं, तोच प्राचार्य गरजले, "आपल्या धाराशिवचं औषधी कापड!" टाळ्या पडल्या. ईट गावाहून आलेल्या सरांच्या आत्यानं शुगरनं चिघळलेला पाय पुढं केला. पट्टी लावत सर म्हणाले, "आत्या, दवाखाना सोडू नका बरं." "कशाला दवाखाना? लई गार वाटलं. उरलेलं दे, गावात समदे वाट बघत्यात." सरांनी दिलं. फोटोसाठी हाक आली; मान वर येईना. तोच फोटो पुढच्या फ्लेक्सवर लागला. लोक म्हणाले, "किती विनम्र माणूस!"