तळ्याकाठचा फोटो

शिंप्याने बायकोला तळ्यावर फिरायला न्यायचं म्हणून तिच्यासाठी निळा कोट शिवला खरा, पण तोवर तिने अंथरूणच धरलं. “मी आता काही तळ्यावर येत नाही,” ती म्हणाली. “दुकानातली बाहुली माझ्याच मापाची आहे. तिला कोट घालून न्या, फोटो काढून आणा. कशी दिसले असते, बघू तरी.” तो जन्माचा लाजाळू, रस्त्यात बायकोच्या चार पावलं पुढेच चालायचा. पण माणसाएवढी बाहुली कवेत घेऊन भर बाजारातून निघाला. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. त्याचे कान लाल झाले. तळ्याकाठी एका बाईंनी दोघांचा फोटो काढून दिला. बायको फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. कोटाबद्दल अवाक्षर न काढता म्हणाली, “चारचौघांत तिच्या खांद्यावर हात ठेवलात?” “अगं, वारा सुटला होता. पडली असती ती.” “आमच्या वेळी कधी वारा सुटलाच नाही का हो?”