गौतमीचा हात

चौथीची मुलं मनगटाला पट्टे बांधून बाकांवर बसली होती. उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी उभी होती ती एकटी गौतमी. ती हातानं जे करायची ते पट्ट्यांतून साऱ्या वर्गाला जसंच्या तसं जाणवायचं. चिखल कालवला तरी मळायचे ते तिचेच हात. त्यावरच तर तिला या शाळेत फुकट प्रवेश मिळाला होता.

“लाकडी चमचा झाला. आता पाण्यातला स्टीलचा धर, आणि सोडू नकोस हं,” बिडकरबाई म्हणाल्या.

तिनं धरला आणि सारा वर्ग “आई गं!” म्हणून किंचाळला. बाईंनी झटकन सगळे पट्टे बंद केले. मुलं शांत झाली, दोघंतिघं हसलीसुद्धा. बाईंच्या जिवात जीव आला.

“सांगा बरं, काय शिकलो?”

“धातू लवकर तापतो!”

“शाब्बास!”

“बाई,” पातेल्यापाशी गौतमी हळूच म्हणाली, “आता सोडू का?”