अण्णांचा रंग

भिंतीवर रंगाच्या नमुन्याचे दोन चौकोन वाळत होते आणि खोलीतले तिघेही त्यांच्याकडे पाहत होते. एक चौकोन सायीचा, दुसरा हस्तिदंती. ओले असताना वेगळे भासलेले, वाळता वाळता एकमेकांत विरघळू पाहणारे.

"दादा, यातला अण्णांचा कुठला?" माधवीने अखेर विचारलं.

साईराजने खांदे उडवले. "मला दोनी सारकेच दिसतात गं. तूच ठरव."

सकाळीच कर्जतच्या नोंदणी कचेरीत तिने हक्कसोडीवर सही केली होती. पोशीरच्या भातजमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडताना तिचा हात क्षणभरही अडखळला नव्हता. जातीबाहेर लग्न केल्यापासून चौदा वर्षं या घराचा उंबरा तिला परका होता. वडील, अण्णा, गेल्याचंसुद्धा तेराव्यानंतर कळलं. जाताना त्यांनी आपल्याला क्षमा केली होती की नाही, या एका प्रश्नाला उशाशी घेऊन ती वर्षभर झोपत आली होती.

गेल्या आठवड्यात साईराजने तिला घरी आणलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. बारावीला पहिली आली तेव्हाचा तिचा फोटो, काचेच्या चौकटीत, अण्णांच्या खुर्चीसमोर.

"त्यांनी कदी उतरवू दिला नाय," तो म्हणाला होता. "तू गेलीस तवापासून हितंच हाय."

त्यानंतर तिने कागद नीट वाचलेही नाहीत. सहीच्या बदल्यात मागितलं ते एवढंच: तुझ्या लेकीच्या लग्नासाठी घर रंगवशील तेव्हा या खोलीला अण्णांनी स्वतःच्या हाताने दिला होता तोच रंग दे.

पण पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने तो रंग कधीच पिऊन टाकला होता. भिंतीवर उरला होता नुसता एक आजारी पांढरेपणा.

रंगारी विकासने तोड काढली. रंग उडालेल्या भिंतीशी मेळ घालण्यात अर्थ नाही, वर्षानुवर्षं टांगलेलं काहीतरी उतरवा, असं म्हणत त्याने स्टुलावर चढून घड्याळ काढलं. मागे एक पिवळसर गोल उमटला होता, ताजा, ओलसर वाटावा असा.

"बगा ताई," तो हसला, "सासूनं सुनंपासून लपवलेलं लोनी."

माधवीही हसली. मात्र गोल दाराच्या सावलीत होता, लहान होता. दोन्ही चौकोन त्याला सख्खेच वाटत होते. फोटो नमुन्यांच्या अगदी शेजारी होता. ती त्याच्याकडे वळली.

साईराजने तिला अडवलं नाही. चौकट जुनी आहे, काच निसटेल, घड्याळामागचाच धरून चालू, इतकंच तो हळू आवाजात म्हणाला. वस्तू जपण्याची ही काळजी तिला थेट अण्णांची वाटली. तिने ओढणीला हात पुसले आणि देवघरातली मूर्ती उचलावी तशी चौकट दोन्ही हातांनी उतरवली.

डब्यात रंग ढवळणारी विकासची काठी थांबली.

घड्याळामागच्यासारखा पिवळसर ठसा तिथे नव्हता; चौकटीमागची भिंत बाकीच्या भिंतीइतकीच फिकट होती, उन्हाने तितकीच खाल्लेली.

"दादा, हा फोटो कधी लावलास?"

साईराजने टेबलावरची सकाळच्या सहीच्या कागदांची पिशवी काखोटीला मारली आणि अंगण ओलांडून तो चालू लागला.