चौथा नियम

पांडेसऱ्यातल्या आमच्या विहाराच्या भिंतीवर भीमजयंतीच्या मिरवणुकीचे नियम रंगवलेले आहेत. चौथा नियम तीस वर्षं तसाच होता: 'महिलांनी मिरवणुकीत मागे चालावे.' काल कमिटीने तो एकदाचा रद्द केला आणि आज सकाळीच पेंटर आला.

मी पायरीवर उद्याच्या पेपरचा अभ्यास करत बसले होते. एका प्रश्नावर गाडी अडली होती: अमेरिकेच्या संविधानात रद्द झालेलं कलम खोडून न टाकता दुरुस्ती शेवटी का जोडतात?

पेंटरने चौथ्या नियमावर पांढरा ब्रश टेकवला, तशी माझी शकूआजी ओरडली, "भैया, मिटाना मत! नीचे लिखो, चौथा नियम रद्द. बाया पुढं चालतीन."

"आजी, ज्या नियमावरून तीस वर्षं कमिटीशी भांडलीस, तोच जपून ठेवायचा?"

आजीने निळ्या लुगड्याचा पदर खोचला आणि खुदकन हसली.

"पुसला त तुह्या पोरीईले वाटन, बाया पयलेपासूनच पुढं चालत होत्या. मंग आमी जिकलो, हे कोनाले समजन?"